सेल्टा कोर्सला बसतोय. टीटीटी, सीसीक्यू, पीपीपी ही काय भानगड आहे?

कोर्सआधी पाठवलेले कागद वाचून डोकं गरगरलं असं तुम्ही लिहिलंय. साहजिक आहे. केंब्रिजचा सेल्टा, म्हणजे इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचा प्रमाणपत्र कोर्स, किमान १२० तासांचा असतो, त्यात तुम्ही प्रत्यक्ष शिकवायचं ते ६ तास. उरलेला बराच वेळ त्या ६ तासांत जे केलं त्याला काय म्हणतात हे शिकण्यात जातो.

टीटीटी म्हणजे ‘टीचर टॉकिंग टाइम’, शिक्षकाची बडबड. ती कमी करा, हे ट्रेनर तुम्हाला सलग पाऊण तास बोलून पटवून देईल. सल्ला मात्र खरा आहे. विद्यार्थ्याचं उत्तर पोपटासारखं परत म्हणायचं नाही आणि एकच सूचना तीनदा द्यायची नाही, एवढ्यानेही बराच फरक पडतो.

इलिसिट करणं म्हणजे जो शब्द दोन सेकंदांत सांगता आला असता, तो वर्गाच्या तोंडून काढायला पाच मिनिटं घालवणं. चित्र दाखवायचं, खुणा करायच्या, भुवया उडवायच्या. वर्गात निदान एकाला तरी तो शब्द आधीपासून माहीत असेल तरच हे चालतं. दोन प्रयत्नांत नाही आला तर सरळ सांगून मोकळे व्हा. नाहीतर ‘सरांच्या मनात काय आहे ते ओळखा’ हा खेळ सुरू होतो.

सीसीक्यू (‘कन्सेप्ट चेकिंग क्वेश्चन’, म्हणजे अर्थ कळला का ते तपासणारा प्रश्न) मात्र मन लावून शिका, कारण या सगळ्या आद्याक्षरांत सर्वांत जास्त उपयोगाचं हेच. ‘समजलं का?’ विचारलं की अख्खा वर्ग मान डोलावतो, आणि त्यातून काहीच कळत नाही. समजा ‘ही यूज्ड टू स्मोक’ शिकवताय. मग विचारायचं: तो आता सिगारेट ओढतो का? नाही. पूर्वी ओढायचा? हो. एकदाच, की नेहमी? नेहमी. (अर्थात हे प्रश्न वर्गात सोप्या इंग्रजीत.) उत्तर एका-दोन शब्दांत देता यायला हवं आणि जी रचना शिकवताय ती प्रश्नात येता कामा नये. नवशिके हमखास चुकतात ते इथेच: ‘डिड ही यूज टू स्मोक?’ असं विचारतात. ज्याला ‘यूज्ड टू’ कळलेलं नाही त्याला हा प्रश्न तरी कसा कळणार? असे प्रश्न फळ्यासमोर ऐनवेळी सुचत नाहीत. दोन-तीन घरीच लिहून पाठाच्या आराखड्यात घाला.

त्याचा धाकटा भाऊ आयसीक्यू, म्हणजे सूचना कळली का ते तपासणं. ‘जोडीने करायचंय की एकट्याने?’ हे ठीक. चाळिशीच्या बँक अधिकाऱ्याला ‘आता पेन हातात घ्यायचं की नाही?’ असं विचारू नका.

पीपीपी म्हणजे प्रेझेंटेशन, प्रॅक्टिस, प्रॉडक्शन: आधी दाखवा, मग सराव घ्या, मग मोकळं बोलू द्या. ४५ मिनिटांच्या तासात पहिला पी ३० मिनिटं खातो, दुसरा कसाबसा उरकतो आणि तिसरा बेल झाल्यावर गृहपाठ होतो. म्हणून आखणी उलटी करा: शेवटची १५ मिनिटं आधी राखून ठेवा, मग पुढचं बसवा.

पार्स्निप हे पांढऱ्या गाजरासारखं कंदमूळ, पण इथे ती इंग्रजी आद्याक्षरं जोडून केलेली प्रकाशकांची वर्ज्य विषयांची यादी: राजकारण, दारू, धर्म, लैंगिकता, अमली पदार्थ, सगळे ‘इझम’ आणि डुकराचं मांस. त्यामुळे पाठ्यपुस्तकातली माणसं जन्मभर सुट्टी, छंद आणि कचऱ्याचा पुनर्वापर यांवरच बोलत राहतात.

‘गॅप’ हा शब्दही सारखा कानावर येईल. भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर प्रकल्प चालवला. व्याकरण थेट न शिकवता मुलांना वेळापत्रकं, नकाशे अशी कोडी सोडवायला द्यायची, असा तो प्रयोग. कामांची इन्फर्मेशन गॅप, रीझनिंग गॅप आणि ओपिनियन गॅप अशी वाटणी त्यांचीच. पहिल्या प्रकारात अर्धी माहिती एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे. विचारल्याशिवाय तक्ता पुरा होत नाही. निदान कागदावर तरी. प्रत्यक्षात दोघं कागद शेजारी ठेवून मुकाट्याने उतरवून घेतात. तेव्हा जोड्या पाठीला पाठ लावून बसवा आणि कागद त्यानंतरच वाटा.