डोमेनची मुदत संपली आणि साइटच्या जागी जाहिराती दिसतायत: डोमेन गेलं का?

रिन्यू करायचं राहिलं आणि आता व्यवसायाच्या पत्त्यावर जाहिराती दिसतात, एवढ्यावरून डोमेन दुसऱ्याने घेतलं असं समजू नका. मुदत संपल्यावर बरेच रजिस्ट्रार (डोमेन विकणाऱ्या कंपन्या) स्वतःच असं पान लावतात. डोमेन नावांचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या लुकअपमध्ये डोमेन टाका आणि 'स्टेटस' वाचा.

एक्स्पायरी तारखेवर मात्र विसंबू नका. डॉट कॉमसारख्या डोमेनमध्ये मुदत संपताच रजिस्ट्री (त्या प्रकारच्या सगळ्या डोमेनची मुख्य नोंद ठेवणारी संस्था) आपोआप एक वर्ष पुढची तारीख दाखवते. लोक ती पाहून 'रिन्यू झालं वाटतं' म्हणत निवांत बसतात, आणि खरे दिवस त्यातच जातात.

'ऑटो रिन्यू पिरियड' दिसत असेल तर रजिस्ट्रारच्या खात्यात जाऊन आजच पैसे भरा. हा काळ जास्तीत जास्त 45 दिवसांचा, पण रजिस्ट्रार तो कमीही ठेवू शकतो आणि मधेच लिलावही लावू शकतो. 'रिडेम्प्शन पिरियड' असेल तर 30 दिवस मिळतात. नेहमीच्या रकमेवर मोठा दंड बसतो, तरी तो भरा. नंतर विकत घ्यायला जाल तर बहुधा त्याहून महाग पडेल. नुसतं 'पेंडिंग डिलीट' (सोबत 'रिडेम्प्शन पिरियड' नसताना) लागलं की 5 दिवस कुणालाच काही करता येत नाही. तेव्हा दोन-तीन बॅकऑर्डर सेवांकडे (डोमेन सुटताच ते तुमच्यासाठी नोंदवू पाहणाऱ्या) नाव लावून ठेवा. डोमेन कुणाच्या हाती लागेल हे सांगता येत नाही, पण बहुतेक सेवा मिळालं तरच पैसे घेतात.

डोमेन खरंच गेलं असेल तर 'क्रिएटेड' तारीख बघा. ती ताजी असेल तर डोमेन सुटून पुन्हा नोंदलं गेलंय. जुनीच असेल आणि मालक बदललेला असेल, तर बहुधा लिलावात गेलंय.

या स्थितीत सगळ्यात घाईचं काम साइटचं नाही, ईमेलचं आहे. नवा मालक एमएक्स रेकॉर्ड (मेल कुठे पोचवायची ते सांगणारी डोमेनची नोंद) लावून तुमच्या जुन्या पत्त्यांवरची सगळी मेल घेऊ शकतो, म्हणजे पासवर्ड रीसेटच्या लिंकही त्याच्याकडे जातील. बँक, पेमेंट गेटवे, सोशल मीडिया, होस्टिंग आणि खुद्द रजिस्ट्रारच्या खात्यातला ईमेल आजच बदला. ग्राहकांनाही फोनवरून कळवा, नाहीतर तुमच्या नावाने खोटी बिलं जाऊ शकतात.

साइटच्या फाइल्स होस्टिंगवर असतात. होस्टिंग चालू असेल तर त्या शाबूत आहेत. नव्या डोमेनवर लावताना वर्डप्रेसच्या डेटाबेसमध्ये जुना पत्ता हाताने बदलू नका, सीरियलाइज्ड डेटा (मजकुराच्या लांबीसकट साठवलेली माहिती) मोडतो. डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड-लाइन साधनाचं सर्च-रिप्लेस वापरा. जुन्या पत्त्यावरून 301 रीडायरेक्ट (नव्या पत्त्यावर कायमचं वळवणं) देता येणार नाही, त्यामुळे डिरेक्टऱ्या आणि तुमची लिंक देणाऱ्यांना एकेकाला सांगावं लागेल.

डोमेन परत विकत घेताना धंद्याच्या नावाने मेल करू नका, भाव चढतो. पैसे एस्क्रोमार्फतच, म्हणजे डोमेन मिळेपर्यंत रक्कम सांभाळणाऱ्या मध्यस्थाकडूनच द्या. यूडीआरपीची (डोमेनवरचे वाद सोडवण्याच्या आयकॅनच्या पद्धतीतली) तक्रार तुमचा ट्रेडमार्क आहे, समोरच्याचा त्या नावावर रास्त हक्क नाही आणि त्याने डोमेन वाईट हेतूने नोंदवून तसंच वापरलं, हे तिन्ही दाखवता आलं तरच टिकते. नुसतं 'आधी माझं होतं' म्हणून चालत नाही. शिवाय अशा तक्रारी ऐकणाऱ्या वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एका पॅनेलिस्टची, म्हणजे निकाल देणाऱ्या तज्ज्ञाची, फी 1500 डॉलर आहे, म्हणून आधी वकिलाला विचारा.