दहा पानं आणि भिंतीवरची रेघ

गावभाग, सांगली

प्रिय पोरी,

तुझं पत्र मिळालं. ‘आवडलं म्हणवत नाही, आणि नाही आवडलं म्हणायला जीभ रेटत नाही,’ हे तुझं वाक्य दोनदा वाचलं. अमेरिकन चित्रकथाकार आर्ट स्पीगलमनचं ‘इन द शॅडो ऑफ नो टॉवर्स’ हे न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांवरच्या हल्ल्याचं कॉमिक्स वाचून माझंही असंच झालं होतं. इतकी माणसं गेली, तिथं आपण कोण नावं ठेवणार, ही भीड आधी सोड. तू ११ सप्टेंबर २००१ ला नाही, २००४ साली निघालेल्या एका पुस्तकाला तोलतेयस.

आता मन नेमकं कुठल्या चौकटीशी अडलं, ते शोध. कोसळायच्या क्षणी तापून लाल झालेला मनोऱ्याचा सांगाडा पुन्हा पुन्हा येतो, तिथं मी गप्प झालो. स्पीगलमन आणि त्याची बायको मुलीला शाळेतून आणायला धावतात, शाळा मनोऱ्यांच्या जवळच. त्या पानांवर माझा जीव टांगला. पुढे मात्र सरकारवरचा राग वाढत जातो आणि तू म्हणतेस तसं गोष्ट हातची निसटते.

२०१९ च्या पुरात आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. ओसरल्यावर भिंतीवर तपकिरी रेघ राहिली. रंगारी आला तेव्हा दाराआडची वीतभर रेघ मी पुसू दिली नाही. कुणी विचारलं की मी पुराचं सांगायला बसतो आणि दोन मिनिटांत पंचनाम्याच्या खेपांवर घसरतो. दर खेपेला एक कागद कमीच! काकू म्हणते, ‘अहो, पाणी राहिलं बाजूला.’ पण त्या रागाशिवाय मला ती गोष्ट सांगताच येत नाही. त्यामुळे स्पीगलमन चिडला म्हणून माझी तक्रार नाही. काही पानांवर तो राग चित्रात उतरत नाही, शब्दांत कोंबला जातो, ही तक्रार आहे. तुझीही तीच असेल तर तशीच लिही, मऊ करू नकोस.

मोठी पानं दहाच, आणि मग शंभरेक वर्षांपूर्वीची वर्तमानपत्री कॉमिक्स. तुला ती भरताड वाटली, मलाही पहिल्यांदा वाटली होती. पण ही कॉमिक्स जन्मली न्यूयॉर्कमधल्या पार्क रो या वर्तमानपत्रांच्या भागात, मनोऱ्यांपासून हाकेच्या अंतरावर. त्यात पिसाचा झुकता मनोरा पडेल या धास्तीनं झोप उडालेला एक गृहस्थ आहे, तो नीट बघ. दुसऱ्या दिवशी रद्दीत जायला छापलेला कागद टिकला आणि ११० मजले गेले. हे कळल्यावर ती पानं मला परकी वाटेनात. तुला तरीही वाटली, तर वाटू देत.

रविवारी घरी ये. पुस्तक भलंमोठं, पानं लहान मुलांच्या पुस्तकासारखी जाड पुठ्ठ्याची, मांडीवर आडवं धरून वाचावं लागतं. जिथं थांबशील तिथं चिठ्ठी घाल. माझ्या चिठ्ठ्या मी आधी काढून ठेवतो.

तुझे,
सर