पावसाळ्यातच मोटार का ट्रिप होते? बोअरमधल्या केबल जॉइंटविषयी

प्रश्न : बोअरमध्ये 240 फुटांवर 5 एचपीची सबमर्सिबल आहे. उन्हाळाभर चालली. पाऊस झाला, पाणी वर आलं आणि पेटीतला ईएलसीबी (करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच) पडायला लागला. वायरमन म्हणतो मोटार जळली. वाइंडिंगला टाकू का? मागच्या वर्षी मोटार खाली सोडताना केबल कमी पडली, म्हणून मध्ये जोड दिला होता.

उत्तर : मोटार एवढ्यात वाइंडिंगला टाकू नका. तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. उन्हाळ्यात पाणी खाली होतं तेव्हा मधला जोड कोरडा लटकत होता. आता तो पाण्याखाली गेला असणार आणि तिथूनच करंट पाण्यात उतरत असणार. मोटार बिघडलेली असती तर तिने उन्हाळ्यातही त्रास दिला असता, कारण ती तेव्हाही पाण्यातच होती.

खात्री करायची तर मोटार काढताना मेगर सोबत ठेवा, म्हणजे तारेच्या आवरणातून करंट गळतो का ते मोजणारं यंत्र. रीडिंग जितकं जास्त, तितकं आवरण चांगलं. स्टार्टरकडच्या तारा सोडून तार आणि अर्थिंग यांच्यात रीडिंग घ्या आणि पाइप वर घेताना पुन्हा पुन्हा तपासा. जोड पाण्याबाहेर आला, कोरडा पुसला आणि रीडिंग एकदम वाढलं, तर दोष तिथेच आहे.

असे जॉइंट मी उघडून पाहिलेत. वरून काळी टेप घट्ट दिसते, पण बोटाने ओढली की अख्खी नळी सरकून येते. आत चिकट ओल आणि हिरवं पडलेलं तांबं. साधी पीव्हीसी टेप पाण्यात टिकत नाही, कितीही वेढे द्या. शिवाय जोडावर दर 10 मीटर पाण्यामागे साधारण 1 किलोचा दाब प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर येतो. पाणी फट शोधतंच.

शक्य असेल तर मोटारीपासून वरपर्यंत एकसंध केबल टाका. मग फक्त मोटारीजवळचा एकच जोड उरतो. जोड द्यायचाच असेल तर आधी जुनी केबल मागे कापत जा, तांबं लख्ख लाल दिसेपर्यंत. पाणी तारांच्या पिळातून फूट-फूट आत शिरलेलं असतं आणि हिरव्या तांब्यावर कुठलाच जोड धरत नाही.

केबलमधल्या तिन्ही तारांचे जोड शेजारी-शेजारी येऊ देऊ नका. खालच्या केबलची लाल तार लांब, पिवळी मध्यम, निळी आखूड ठेवा. वरच्या केबलची नेमकी उलट. दोन जोडांत तीनेक इंच अंतर राहू द्या. दोन्ही टोकांवर तांब्याची स्लीव्ह, म्हणजे छोटी नळी, घालून क्रिम्पिंगच्या (नळी दाबून तार पकडणाऱ्या) पकडीने दाबा. नुसता पीळ पुढे सैल होऊन तापतो. आणि तांब्याला ॲल्युमिनियम कधीच जोडू नका.

मग दोन्ही बाजूंचं दोन-दोन इंच आवरण सँडपेपरने खरवडा, कोरड्या फडक्याने पुसा आणि घामाचा हात लावू नका. यावर रबराची, ताणल्यावर स्वतःशीच एकजीव होणारी टेप लागते. ती जवळजवळ दुप्पट ताणायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवायचा. असे दोन-तीन थर प्रत्येक तारेला, मग तिन्हींना मिळून एक आणि सगळ्यांत वर पीव्हीसी टेप. आतून गोंद असलेली हीट-श्रिंक नळीही (तापवली की आकसून घट्ट बसणारी) चांगली. फक्त ती तारा दाबण्याआधी ओवून ठेवा आणि टोकांतून गोंद बाहेर डोकावेपर्यंत तापवा.

मोटार बोअरमध्ये सोडण्याआधी जोड तासभर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, केबलची दोन्ही टोकं बाहेर. मग 500 व्होल्टच्या मेगरने प्रत्येक तार आणि पाणी यांच्यात तपासा. काटा 1 मेगओहमच्या आसपास रेंगाळला तर जोड पुन्हा करा. नवा जोड याच्या कितीतरी पट दाखवतो. सोडताना केबल पाइपला ठिकठिकाणी बांधा, वजन जोडावर येऊ देऊ नका.

आणि काम सुरू करण्याआधी मेन स्विच पाडा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा. तुमच्या पेटीत ऑटो स्विच असेल, तर लाइट येताच मोटार आपोआप चालू होते. तेव्हा केबल कोणाच्या तरी हातात असते.