डॉक्टर न होता हृदयरोगाच्या संशोधनात जाता येईल का?

प्रश्न : मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. विषय प्राणीशास्त्र आणि संख्याशास्त्र. मेडिकलला प्रवेश मिळाला नाही, पण हृदयरोगावर संशोधन करायचं हे शाळेपासून डोक्यात आहे. डॉक्टर नसलेल्या माणसाच्या वाट्याला तिथे नुसती कारकुनीच येते असं एक नातेवाईक म्हणाले. ते खरं आहे का? क्लिनिकल रिसर्चचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स पुरेल का? आईचं म्हणणं, आधी कायमच्या नोकरीचं बघ.

उत्तर : तुझ्या नातेवाइकांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. या कामात कागद भरपूर असतात. पण त्या कागदांवर काय अवलंबून असतं ते आधी पाहू, म्हणजे तुला ते नकोसे वाटतात की हवेसे, हे तुझं तुलाच कळेल.

१९८०च्या दशकात हार्ट अटॅकमधून वाचलेल्या रुग्णाच्या ईसीजीत अधूनमधून जादा ठोके दिसले, की ते दाबणारी औषधं सर्रास दिली जात. तर्क सरळ होता. असे ठोके असलेले रुग्ण अचानक दगावण्याचं प्रमाण जास्त, म्हणजे ठोके थांबवले की मृत्यू टळतील. औषधं ठोके खरोखरच थांबवत होती. मग अमेरिकेत ‘कास्ट’ नावाची चाचणी झाली. रँडम पद्धतीने काही रुग्णांना औषध आणि काहींना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं प्लासिबो दिलं गेलं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही दोन औषधं १९८९ मध्ये अर्ध्यावरच थांबवावी लागली. १९९१ साली छापलेल्या आकड्यांत औषधावरच्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते आणि प्लासिबोवरच्या ७४३ जणांपैकी २६.

हे एखाद्या निष्णात डॉक्टरला एकट्याने कधीच दिसलं नसतं. त्याच्यासमोर ईसीजी सुधारलेला रुग्ण बसलेला असतो. जो गेला तो पुढच्या तपासणीला येत नाही. आणि आला नाही, तरी अटॅक येऊन गेलेला माणूस होता, असं म्हणून विषय मिटतो. फरक उघड झाला तो कुणाला काय द्यायचं हे डॉक्टरच्या मर्जीवर सोडलं नव्हतं म्हणून, आणि प्रत्येक रुग्णाचं पुढे काय झालं याची नोंद कुणीतरी चिकाटीने ठेवली म्हणून. ही नोंद ठेवणाऱ्यांना तुझे नातेवाईक कारकून म्हणत असतील, तर म्हणू देत.

आता प्रत्यक्ष काम. सुरुवात बहुधा क्लिनिकल रिसर्च कोऑर्डिनेटर म्हणून होते. समज, हार्ट फेल्युअरच्या औषधाची चाचणी चालू आहे आणि रुग्ण तिसऱ्या महिन्याच्या व्हिजिटला आला आहे. ही व्हिजिट ठरलेल्या तारखेच्या आगेमागे किती दिवस चालते ते प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे चाचणीच्या लेखी आराखड्यात लिहिलेलं असतं, ते तू आधी तपासतेस. रुग्णाला काही मिनिटं शांत बसवून मग रक्तदाब घ्यायचा. उरलेल्या गोळ्या मोजायच्या. जितक्या उरायला हव्या होत्या त्याहून जास्त निघाल्या, तर न रागावता कारण विचारायचं. गप्पांच्या ओघात तो म्हणतो, ‘मध्ये दोन रात्री दवाखान्यात होतो, पण आता बरं आहे.’ त्याच्या दृष्टीने विषय संपला. तुझी मात्र धावपळ इथून सुरू होते. अॅडमिट व्हावं लागलं म्हणजे ती गंभीर घटना, आणि ती चाचणी करवून घेणाऱ्या प्रायोजकाला ताबडतोब, बहुतेक चाचण्यांत २४ तासांच्या आत, कळवावी लागते. नोंदीत चूक झाली तर व्हाइटनर चालत नाही. एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा, सही, तारीख. खालचा चुकलेला आकडा वाचता आला पाहिजे. हे वाचताना तुला कंटाळा आला असेल तर तसं स्वतःशी आत्ताच कबूल कर. ‘हे तर बरोबरच आहे’ असं वाटलं असेल, तर तू या कामासाठी चांगली आहेस.

संमतीपत्राचं कामही याच टेबलावर होतं. रुग्णाने सही केली एवढ्याने भागत नाही. आपल्याला कदाचित प्लासिबो मिळेल आणि आपण केव्हाही बाहेर पडू शकतो, या दोन गोष्टी त्याला खरंच कळल्या आहेत का, हे बोलून पाहावं लागतं. भाषेवर प्रेम असलेली माणसं या कामात फार उपयोगी पडतात, असा माझा अनुभव आहे.

हे सगळं झालं उपचारांच्या बाजूचं. निदानाच्या संशोधनाकडे विद्यार्थी फारसे वळत नाहीत. तुझा एक विषय संख्याशास्त्र आहे, म्हणून मुद्दाम सांगते. समज, एक तपासणी १०० आजारी माणसांपैकी ९० जणांचा आजार पकडते आणि १०० निरोगी माणसांपैकी ९० जणांना निरोगी ठरवते. ऐकायला छान. ती कुठलाही त्रास नसलेल्या १,००० लोकांवर केली आणि त्यांत खरे रुग्ण फक्त १० असले, तर ९ सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगींपैकी ९९ जणांचा रिपोर्टही ‘पॉझिटिव्ह’ येईल. म्हणजे घाबरून गेलेल्या १०८ जणांत खरे आजारी ९. तीच तपासणी छातीत दुखतंय म्हणून आलेल्या, मधुमेह असलेल्या साठीच्या माणसांवर केली, तर हिशेब पार बदलतो. तपासणी कुणावर करायची, कोणत्या आकड्यानंतर ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलं म्हणायचं, इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची एकच फिल्म दोन तज्ज्ञांनी मोजली तर पंपिंगच्या टक्केवारीत किती फरक पडतो, हे सगळे संशोधनाचे प्रश्न आहेत. त्यांत संख्याशास्त्र, इमेजिंग आणि बायोमेडिकल इंजिनिअरिंगवाल्यांना भरपूर वाव आहे.

मला विचारशील तर तू बायोस्टॅटिस्टिक्समध्ये, म्हणजे वैद्यकीय आणि जैविक संशोधनाच्या संख्याशास्त्रात एम.एस्सी. करावंस. त्या लोकांचा दरारा कसा असतो ते सांगते. १९८८ साली छापून आलेल्या ‘आयसिस-२’ या चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. हार्ट अटॅकच्या वेळी दिलेल्या अॅस्पिरिनमुळे पहिल्या पाच आठवड्यांतले हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांचे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. त्याच अहवालात संशोधकांनी रुग्णांची राशीनुसार विभागणीही दिली. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना अॅस्पिरिनचा फायदा दिसत नव्हता! गट पाडत गेलं की योगायोगाने काहीही निघतं, हे त्यांना दाखवायचं होतं. (राशीभविष्यवाल्यांच्या हे नजरेला कसं पडलं नाही, देव जाणे.) एखाद्या निष्कर्षात अशी ‘तूळ रास’ कुठे लपली आहे ते हुडकणारा माणूस प्रत्येक चाचणीत लागतो, आणि तो डॉक्टर असावा लागत नाही.

डॉक्टर कुठे लागतोच, तेही स्पष्ट सांगते. चाचणीतल्या रुग्णाबाबतचे वैद्यकीय निर्णय डॉक्टरच घेतो आणि हृदयरोगाच्या औषधाच्या किंवा स्टेंटच्या चाचणीचा प्रमुख संशोधक साधारणपणे हृदयरोगतज्ज्ञच असतो. रुग्णाला तपासून उपचार ठरवणं हेच तुझं स्वप्न असेल, तर संशोधनाच्या वाटेने ते पुरं होणार नाही. मेडिकलच्या दुःखावर उतारा म्हणून इकडे येऊ नकोस.

सर्टिफिकेट कोर्सबद्दल. जीसीपीचं, म्हणजे चाचण्यांच्या सर्वमान्य नियमांचं प्रशिक्षण या क्षेत्रातल्या प्रत्येकाला घ्यावंच लागतं, पण ते थोडक्या वेळात ऑनलाइनही होतं. सहा महिन्यांचा कोर्स पदवीनंतर, तोही प्रत्यक्ष चालू चाचणीवर काम करायला मिळणार असेल तरच कर. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ लिहिलेल्या जाहिरातीपुढे थांबायची गरज नाही.

आईची काळजी रास्त आहे. रुग्णालयातली कोऑर्डिनेटरची नोकरी बऱ्याचदा एका प्रकल्पापुरती असते. चाचणी संपली किंवा निधी आटला की करारही संपतो. मॉनिटरचं, म्हणजे चाचणीच्या केंद्रांवर जाऊन नोंदी तपासण्याचं काम केलं तर या केंद्रावरून त्या केंद्रावर सतत प्रवास. त्या मानाने डेटा मॅनेजमेंट, औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारं फार्माकोव्हिजिलन्स आणि बायोस्टॅटिस्टिक्स यांत स्थैर्य जास्त, कारण तिथलं कौशल्य कुठल्याही आजाराच्या चाचणीत चालतं. त्याची दुसरी बाजू अशी की आज हृदय आणि उद्या त्वचारोग, असंही होऊ शकतं. फक्त हृदयच हवं असेल तर पुढे पीएच.डी. करून एखाद्या हृदयरोग संशोधन गटात जावं लागेल.

पुढच्या महिन्यात एवढं कर. ‘ऑर्बिटा’ ही २०१७ची चाचणी शोधून वाच. अँजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने छातीत दुखणाऱ्या २०० रुग्णांपैकी काहींची अँजिओप्लास्टी केली आणि काहींची फक्त केल्यासारखी दाखवली. गुंगीचं औषध आणि कानाला हेडफोन, त्यामुळे आपल्याला स्टेंट बसला की नाही हे रुग्णांना कळलं नाही. व्यायामाच्या क्षमतेत दोन गटांत लक्षणीय फरक निघाला नाही. मग त्याच गटाची २०२३ची ‘ऑर्बिटा-२’ वाच. तिथे मात्र अँजिओप्लास्टीने छातीतलं दुखणं कमी झालं. दोन्ही पेपरांतला फक्त पद्धतीचा भाग शेजारी ठेव आणि दुसऱ्या वेळी रुग्णांच्या औषधांचं काय केलं होतं ते शोध. सापडलं की दोन परिच्छेदांत लिहून मला पाठव. एम.एस्सी.च्या प्रवेशाबद्दल त्यानंतर बोलू.