टेस्लाच्या गाड्या कमी विकल्या, मग शेअर वर कसा? – वाचकांचे प्रश्न

टेस्लाचे २०२५ चे आकडे आल्यापासून या सदराकडे येणारी निम्मी पत्रं त्या एकाच कंपनीची आहेत. काही जण खूश आहेत, काही वैतागलेत, आणि एका वाचकाने तर थेट विचारलंय की ताई तुम्ही टेस्लाच्या बाजूच्या की विरोधातल्या. कुठल्याच नाही हो. पण या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त हेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न: नमस्कार ताई, मी २०२१ मध्ये टेस्ला घेतला तेव्हा कंपनी दरवर्षी ५०% वाढणार असं सगळीकडे सांगत होते. आता सलग दोन वर्षं डिलिव्हरी कमी झाल्यात तरी शेअर पडत नाहीये. म्हणजे मी वाचतोय ते आकडे चुकीचे की मार्केट वेडं?
– एक गोंधळलेला भागधारक

उत्तर: आकडे बरोबर आहेत. आणि कंपनीने ५०% म्हटलं होतं तेही खरंय, फक्त "अनेक वर्षांच्या सरासरीने" अशी शेपटी त्याला होती जी कुणी वाचली नाही. सुरुवातीला ते खरंही वाटत होतं, २०२० मध्ये साधारण ५ लाख गाड्या, २०२१ मध्ये ९.३६ लाख, २०२२ मध्ये १३.१ लाख, २०२३ मध्ये १८.१ लाख. मग गाडी अडकली. २०२४ मध्ये १७.९ लाख आणि २०२५ मध्ये १६.४ लाखांच्या आसपास. तुम्ही स्वतः कॅल्क्युलेटर घेऊन ५ लाखांना पाच वेळा दीडने गुणा, ३८ लाख येतात. म्हणजे ज्या वाढीवर भरवसा ठेवून तुम्ही शेअर घेतला त्याच्या निम्म्याही गाड्या २०२५ मध्ये विकल्या गेल्या नाहीत. २०३० पर्यंत वर्षाला २ कोटी गाड्या हेही एक टार्गेट होतं, ते कंपनीने २०२४ मध्ये आलेल्या अहवालातून गुपचूप काढून टाकलं.

का अडकली याची कारणं बरीच आहेत पण माझ्या मते मोठं कारण साधं आहे, दुकानात नवीन माल नाही. मॉडेल ३ आली २०१७ ला, मॉडेल वाय २०२० ला, आणि आजही विक्रीचा जवळजवळ सगळा भार त्या दोघींवरच आहे. मॉडेल वाय २०२३ मध्ये जगातली सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी होती हे मान्य, पण त्यानंतर काय? सायबरट्रक २०१९ मध्ये ४० हजार डॉलरच्या आतबाहेर मिळेल म्हणून दाखवला, २०२३ च्या शेवटी आला तो कितीतरी महाग, आणि चालला नाही. २५ हजार डॉलरच्या स्वस्त गाडीची सगळे वाट बघत होते, तर २०२४ मध्ये कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनीच सांगितलं की स्टिअरिंगवाली अशी गाडी काढण्यात अर्थ नाही. त्याऐवजी ऑक्टोबर २०२५ मध्ये मॉडेल ३ आणि वायचेच फीचर्स कमी करून "स्टँडर्ड" व्हर्जन काढले, तेही ३७ ते ४० हजार डॉलरला. त्यात मस्कचं राजकारण, त्यामुळे युरोपात बरेच जुने गिऱ्हाईक तुटले, ते वेगळंच.

मग शेअर का पडत नाही? कारण तो शेअर आता गाड्यांच्या हिशोबाने चालतच नाही. २०२५ चा निव्वळ नफा साधारण ३.८ अब्ज डॉलर आणि वर्षअखेरीचं बाजारमूल्य एक लाख कोटी डॉलरच्याही वर, म्हणजे पीई (बाजारमूल्य वर्षाच्या नफ्याच्या किती पट ते) ३०० च्या पुढे. टोयोटा वर्षाला कोटीच्या घरात गाड्या विकते आणि तिचा पीई दहाच्या आसपास असतो. मार्केट वेडं आहे असं मी म्हणणार नाही, पण ते जे विकत घेतंय ते गाड्या नाहीत एवढं नक्की. खाली रोबोटॅक्सीचा, म्हणजे ड्रायव्हरशिवाय चालणाऱ्या टॅक्सीचा, प्रश्न आहे तिथे बोलू.

प्रश्न: तुम्ही लोक सारखं टेस्ला टेस्ला करता, बीवायडीने त्यांना कधीच मागे टाकलंय. टेस्ला विकून बीवायडी घ्यावा का, सरळ हो की नाही सांगा.
– चीनवर विश्वास असलेला एक वाचक

उत्तर: सरळ हो-नाही सांगता आलं असतं तर मी हे सदर लिहीत बसले नसते. पण आधी एक गोष्ट नीट करून घेऊ कारण सगळीकडे याचा घोळ चालतो. बीवायडी या चिनी कंपनीने २०२५ मध्ये ४६ लाख गाड्या विकल्या असं वाचलं की लोक ते टेस्लाच्या १६ लाखांशेजारी ठेवतात. त्या ४६ लाखांत निम्म्या प्लग-इन हायब्रिड आहेत, बॅटरीसोबत पेट्रोल इंजिनही असलेल्या. फक्त बॅटरीवाल्या धरल्या तर २२.६ लाख. तरीही टेस्लापेक्षा सहा लाखांनी जास्त, आणि पूर्ण वर्षाच्या हिशोबात बीवायडी पुढे गेली ती २०२५ मध्येच. एका तिमाहीपुरती तर २०२३ च्या शेवटीच गेली होती.

ही कंपनी मुळात गाडीवाली नाहीच, वांग चुआनफू यांनी १९९५ मध्ये शेन्झेनला बॅटरी बनवायला काढली, मोबाइलच्या बॅटऱ्या वगैरे. गाड्यांत नंतर आले. आणि मला विचाराल तर सगळी गंमत इथेच आहे, कारण इलेक्ट्रिक गाडीत सगळ्यात महाग पार्ट म्हणजे बॅटरी आणि ती हे स्वतः बनवतात, चिप्स स्वतः, मोटर स्वतः, गाड्या परदेशी न्यायला जहाजंसुद्धा स्वतःची. त्यांची ब्लेड बॅटरी लोह-फॉस्फेटची आहे, निकेल कोबाल्ट नाही, त्यामुळे स्वस्त पडते आणि सहसा पेट घेत नाही. दुसऱ्याकडून बॅटरी घेऊन गाडी जोडणाऱ्या कंपन्यांनी या किमतीला कसं टिकायचं?

आता दुसरी बाजू, जी तुमच्या पत्रात कुठेच नाही. चीनमध्ये इतक्या कंपन्या इलेक्ट्रिक गाड्या काढतायत की कुणालाच धड पैसे सुटत नाहीत. मे २०२५ मध्ये बीवायडीने स्वतःच २२ मॉडेलच्या किमती ३४ टक्क्यांपर्यंत कमी केल्या, आणि मग त्याच वर्षी दुसऱ्या आणि तिसऱ्या दोन्ही तिमाहीत नफा साधारण तीस टक्के घसरला. सरकारनेच शेवटी कंपन्यांना बोलावून किमती पाडणं थांबवा म्हणून दटावलं. सप्लायरचे पैसे महिनोन्महिने अडकवून ठेवायची सवयही या सगळ्यांना लागली होती, तेव्हा जून २०२५ मध्ये बीवायडी आणि बाकी मोठ्या कंपन्यांनी ६० दिवसांत पैसे देऊ असं जाहीर केलं. ताळेबंद बघताना देणी किती दिवसांची आहेत हे बघायचं ते यासाठी, उशिरा पैसे देणं म्हणजे बिनव्याजी कर्जच की.

परदेशात मात्र त्यांचं जोरात चाललंय, २०२५ मध्ये चीनबाहेर १० लाखांवर गाड्या गेल्या. पण अमेरिकेने २०२४ मध्ये चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर १००% ड्युटी लावली म्हणजे ते दार बंद, आणि युरोपने बीवायडीवर नेहमीच्या १०% शिवाय आणखी १७% लावली. (शांघायमध्ये बनून युरोपात जाणाऱ्या टेस्लांवरही ७.८% लागली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) म्हणून तर बीवायडी हंगेरीत सेगेडला कारखाना उभारतेय.

आणि वॉरन बफे यांचं उदाहरण लोक देतात म्हणून, त्यांच्या बर्कशायर कंपनीने २००८ मध्ये सुमारे २३ कोटी डॉलरला बीवायडीचे दहा टक्के शेअर घेतले, २०२२ पासून विकायला लागले आणि २०२५ पर्यंत पूर्ण बाहेर पडले. घेतलेलं सगळे सांगतात, विकलेलं कुणी सांगत नाही. माझं मत विचाराल तर गाड्या बनवणारी कंपनी म्हणून बीवायडी जास्त भक्कम आहे. शेअर म्हणून जास्त नफा देईल का, ते चीनमधली किमतींची मारामारी कधी थांबते त्यावर आहे.

प्रश्न: टेस्ला गाड्या विकून नाही तर सरकारी क्रेडिट विकून कमावते असं माझा मेव्हणा म्हणतो. खरं का?
– एक वाचक

उत्तर: मेव्हणे अर्धे बरोबर आहेत. ते क्रेडिट सरकार पैसे म्हणून देत नाही. नियम असा असतो की प्रत्येक कंपनीने ठरावीक प्रमाणात कमी धूर सोडणाऱ्या गाड्या विकायच्या, ज्यांना जमत नाही त्यांनी दंड भरायचा किंवा ज्यांच्याकडे जास्तीचं क्रेडिट आहे त्यांच्याकडून विकत घ्यायचं. टेस्लाच्या सगळ्याच गाड्या इलेक्ट्रिक, त्यामुळे क्रेडिट पडून असतं आणि ते बनवायला खर्च शून्य, म्हणजे येईल तो सगळा नफा. २०२० मध्ये कंपनीचा पहिला पूर्ण वर्षाचा नफा साधारण ७० कोटी डॉलर होता आणि क्रेडिटची विक्री जवळपास १५८ कोटी. म्हणजे क्रेडिट काढलं तर तोटाच होता. पुढे २०२१-२२ मध्ये गाड्यांवरच एवढं मार्जिन सुटायला लागलं की हा मुद्दा बाजूला पडला, पण किमती कमी केल्यावर परत आला. २०२४ मध्ये नफा ७.१ अब्ज आणि त्यात क्रेडिट २.७६ अब्ज.

आता अमेरिकेने जुलै २०२५ च्या कायद्यात मायलेजचे नियम न पाळणाऱ्या कंपन्यांचा दंडच शून्य केला. दंड नाही तर क्रेडिट विकत घेणार कोण? युरोपचे नियम आहेत, त्यामुळे एकदम बंद होणार नाही, पण हा झरा आटत चाललाय हे धरूनच चाला. त्याच कायद्याने गिऱ्हाइकाला मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलतही ३० सप्टेंबर २०२५ ला संपवली, म्हणून त्या तिमाहीत जवळपास ५ लाख गाड्यांचा रेकॉर्ड झाला आणि पुढच्याच तिमाहीत आकडा ४.१८ लाखांवर आला. त्या रेकॉर्डवर ज्यांनी पेढे वाटले त्यांनी आधी तारीख बघायला हवी होती.

प्रश्न: रिव्हियन, ल्युसिड या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या कंपन्यांतली पुढची टेस्ला कोणती?
– घाईत असलेला वाचक

उत्तर: बहुतेक कोणतीच नाही. रिव्हियनचा शेअर नोव्हेंबर २०२१ मध्ये ७८ डॉलरला बाजारात आला, आठवड्याभरात १७० च्या वर गेला आणि २०२४ मध्ये दहाच्या खाली दिसला. त्यांच्या मागे फोक्सवॅगनचा पैसा आहे आणि ल्युसिडच्या मागे सौदी सरकारी फंडाचा म्हणून त्या निदान उभ्या आहेत. लॉर्ड्सटाउन, फिस्कर, कनू, निकोला या तशाच नव्या कंपन्यांनी दिवाळखोरी जाहीर केली. खुद्द टेस्लाही मॉडेल ३ च्या वेळी बुडण्यापासून एक महिना दूर होती असं मस्कनेच नंतर सांगितलंय. जुन्या कंपन्यांचीही मजा नाही, फोर्डला एकट्या इलेक्ट्रिक विभागात २०२४ मध्ये ५ अब्ज डॉलरचा तोटा झाला, पण त्यांच्याकडे पिकअपचा पैसा येत असतो.

प्रश्न: ताई तुम्ही टेस्लाला गाडीची कंपनी समजून बोलता हेच चुकतंय. रोबोटॅक्सी आणि ऑप्टिमस रोबोट आल्यावर गाड्यांचे आकडे कोण विचारणार आहे? तुमच्यासारख्यांमुळे छोटे गुंतवणूकदार घाबरून विकतात.
– टेस्लाचा जुना भागधारक

उत्तर: रागावू नका, तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं, शेअरची आजची किंमत त्याच दोन गोष्टींची आहे हे मी वर लिहिलंच. पण बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी अशी गत आहे ही. एप्रिल २०१९ मध्ये मस्क म्हणाले होते की पुढच्या वर्षी दहा लाखांवर रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील. प्रत्यक्षात ऑस्टिनमध्ये सेवा सुरू झाली जून २०२५ ला, मोजक्या गाड्यांनी, आणि सुरुवातीला शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसवून. वेमो ही दुसरी रोबोटॅक्सीवाली कंपनी तोवर फीनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिसमध्ये गाडीत कुणीही न बसवता पैसे घेऊन लोकांना फिरवत होती.

टेस्लाचा डाव असा की लायडार (लेसरने अंतर मोजणारं महाग यंत्र) नको, फक्त कॅमेरे आणि सॉफ्टवेअर, त्यामुळे गाडी स्वस्त पडेल आणि जमलं तर रस्त्यावरच्या लाखो गाड्या एका अपडेटने टॅक्सी होतील. जमलं तर प्रचंडच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये भागधारकांनी मस्कच्या मोबदल्याचं जे पॅकेज पास केलं त्यातही दहा लाख रोबोटॅक्सी, दहा लाख रोबोट आणि ८.५ लाख कोटी डॉलरचं बाजारमूल्य अशा अटी आहेत. माझा आक्षेप स्वप्नाला नाहीये, मला फक्त विचारायचंय की त्यातलं किती आजच्या किमतीत आधीच मोजून झालंय, कारण सगळं जमलं तरी तुम्ही पैसे आधीच भरलेले असतील तर तुम्हाला काय उरणार?

आणि रोबोटच्या गोंगाटात कंपनीचा जो धंदा खरंच वाढतोय तिकडे कुणी बघत नाही. वीज साठवायच्या मोठ्या बॅटऱ्या, मेगापॅक वगैरे. २०२३ मध्ये १४.७ गिगावॉट-तास वीज साठवतील इतक्या बॅटऱ्या दिल्या, २०२४ मध्ये ३१.४, २०२५ मध्ये ४६.७. त्याचे बरेच सेल चीनच्या सीएटीएल या बॅटरी कंपनीकडून येतात, त्यामुळे ड्युटीचा फटका तिथेही आहेच, पण वाढ म्हणतात ती ही.

प्रश्न: माझ्या एकूण गुंतवणुकीतले साठ टक्के टेस्लात झालेत, वाढून वाढून. काय करू? आणि तिमाही निकाल आले की नेमकं काय बघायचं?
– एक वाचक

उत्तर: साठ टक्के फार झाले, कंपनी कुठलीही असो. नोव्हेंबर २०२१ च्या उच्चांकापासून जानेवारी २०२३ पर्यंत हा शेअर ४०० डॉलरवरून १०० च्या जवळ आला होता, त्यानंतर परत वर गेला हे खरं, पण मधले ते चौदा महिने तुम्हाला पैशांची गरज पडली असती तर? झोप लागेल इतकंच ठेवा, आणि तुमच्याकडे एस अँड पी ५०० चा (अमेरिकेतल्या ५०० मोठ्या कंपन्यांचा) फंड असेल तर त्यातही टेस्ला आहे, डिसेंबर २०२० पासून, तोही धरा हिशोबात.

निकालात डिलिव्हरीचा आकडा सगळे आधी बघतात, तो तर निकालाच्या आधीच जाहीर झालेला असतो. तुम्ही क्रेडिट वजा करून गाड्यांवरचं ग्रॉस मार्जिन, म्हणजे बनवायचा खर्च जाऊन विक्रीतले किती टक्के उरले ते, काढा. कंपनीचं एकूण ग्रॉस मार्जिन २०२२ मध्ये २५ टक्क्यांच्या वर होतं, जानेवारी २०२३ पासून किमती कापल्या आणि ते १८ च्या आसपास आलं, विक्री वाढत असतानाच. मग वीज साठवणुकीचा धंदा किती वाढला ते बघा, मग रोबोटॅक्सी किती शहरांत सेफ्टीवाल्या माणसाशिवाय चालतायत ते. मस्क निकालानंतरच्या कॉलवर पुढच्या वर्षाबद्दल काय म्हणाले ते सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.