1930 च्या मंदीत बायकांच्या अंगावरचं सोनं कुठे गेलं?

प्रश्न : आजी सांगते, तिच्या सासूच्या पाटल्या जागतिक मंदीत विकल्या गेल्या. तेव्हा नेमकं काय झालं आणि बायकांच्या स्थितीवर त्याचा काय परिणाम झाला?

आजींचं म्हणणं बरोबर आहे, आणि असं घडलेलं ते एकच घर नव्हतं.

1929 नंतर दोनेक वर्षांत शेतमालाचे भाव जवळपास निम्म्यावर आले. शेतसारा मात्र रोखीत आणि ठरलेला. जिथे दोन पोती ज्वारी विकून भागायचं, तिथे चार पोती लागू लागली. सावकाराचे स्वतःचेच पैसे अडकलेले, त्यामुळे नवं कर्ज मिळेना. मग नजर वळली ती बाईच्या अंगावरच्या सोन्याकडे.

त्यातच 21 सप्टेंबर 1931 रोजी ब्रिटनने सुवर्णमान (चलनाची सोन्याशी ठरलेली सांगड) सोडला. रुपया पौंडाला 1 शिलिंग 6 पेन्सने बांधलेला, म्हणून पौंडाबरोबर तोही घसरला. सव्वाएकवीस रुपये तोळ्याचं सोनं डिसेंबरपर्यंत तीसच्या घरात गेलं. गावच्या सोनाराकडून सराफाकडे, तिथून मुंबईला आणि बोटीने लंडनला, असा ओघ लागला. 1931-32 या एका वर्षात सुमारे 58 कोटी रुपयांचं सोनं देशाबाहेर गेलं. लोक नफ्यासाठी विकताहेत, असं सरकारचं म्हणणं. पेढीवाल्यांबाबत ते खरंही असेल, पण शेतसाऱ्याचा हप्ता थकलेल्या घराला नफ्याचा हिशेब लावणं मला अन्यायाचं वाटतं.

भाव चढा असूनही बाईच्या हाती पूर्ण किंमत येत नसे. आधी दागिना कसोटीवर घासून कस बघायचा. मग पोकळ पाटल्या, वज्रटीक यांतली लाख तापवून काढायची. ती निघाली की चार तोळ्यांचा वाटणारा दागिना बराच हलका भरे. जोडाच्या झाळणीतला हिणकस धातूही वजा. मग मुशीत टाकणखार घालून आटणी, तिची तूट वेगळी. घडणावळ तर बुडालीच. वजन तोळे-मासे-गुंजांत (12 मासे म्हणजे तोळा, 8 गुंजा म्हणजे मासा), त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईला दोन-चार गुंजा कुठे गेल्या ते कळणं कठीण. पुतळ्यांची माळ सोयीची, एकेक पुतळी सोडवून विकता येई. नथीत सोनं थोडं आणि मोती जास्त, म्हणून ती मोडून फारसं हाती येत नसे. मंगळसूत्राला हात लागे तो अगदी शेवटी.

न विकता गहाण ठेवावं तर भाव चढत असताना सावकाराला मुदत वाढवून देण्यात रस कशाला? मुदत टळली की दागिना त्याचा.

आता मुख्य मुद्दा. हिंदू कायद्यात बाईच्या पूर्ण मालकीचं असं जवळजवळ एकच होतं : स्त्रीधन. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार नवऱ्याने दुष्काळ, धर्मकार्य, आजारपण किंवा कैद या संकटांत स्त्रीधन घेतलं तर ते परत करण्याची सक्ती त्याच्यावर नाही. मंदी यांत कुठे बसते? धान्य पिकलं होतं, फक्त त्याला भाव नव्हता. म्हणजे शब्दशः पाहिलं तर ते सोनं तिला परत मिळायला हवं होतं. पण नवऱ्याकडे मागणार कोण, आणि कोणत्या तोंडाने? तिच्या सोन्यावर जी जमीन वाचली ती सासरच्या पुरुषांच्या नावावर राहिली. उद्या विधवा झाली, तर पदरात अन्नवस्त्राचा हक्क तेवढा.

मध्यवर्ती कायदेमंडळाचे सदस्य डॉ. गो. वि. देशमुख यांच्या प्रयत्नांतून हिंदू स्त्रियांच्या मालमत्तेच्या हक्काचा 1937 चा कायदा आला आणि विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, तोही हयातीपुरता. 1941 मध्ये फेडरल कोर्टाने (तेव्हाच्या संघ न्यायालयाने) ठरवलं की शेतजमीन या कायद्यात येत नाही. म्हणजे जिच्यासाठी पाटल्या गेल्या, ती जमीन या कायद्यानेही हाती आली नाही.

गिरणगावातल्या बायकांचं दुखणं निराळं. त्यांना काम मुख्यतः वाइंडिंग-रिळिंग (सूत गुंडाळण्याच्या) खात्यांत, आणि कायद्याने रात्रपाळी बंद. गिरण्या दोन पाळ्यांत चालू लागल्या तरी दुसरी पाळी पुरुषांचीच.

घरात सोनं विकल्याची सराफाची जुनी चिठ्ठी असेल, तर रकमेला वजनाने भागून तोळ्याचा दर काढा. विक्रीचा दर सव्वाएकवीसच्या आसपास किंवा आत निघाला, तर व्यवहार बहुधा सप्टेंबर 1931 च्या आधीचा. सत्तावीस-तीस निघाला, तर नंतरचा. गहाणखतावर मात्र हा हिशेब लावू नका, कारण तिथे रक्कम मुद्दाम किमतीपेक्षा बरीच कमी धरलेली असते.