पाडव्यानंतरही खाडीवर जा, आणि शेवटची तारीख लिहा

हिवाळाभर तुम्ही कोकणातल्या आंजर्ल्याच्या खाडीवर पक्षी बघायला जात होता. आता पाडवा झाला, ऊन चटकायला लागलं, रोज तेच कुरव (गल) दिसतात, म्हणून थांबावं की दुसरी जागा शोधावी, असं तुम्ही विचारलंय. थांबू नका आणि जागाही बदलू नका. इथे, जोग नदीच्या मुखाशी मी सतरा वर्षं फिरतोय. फाल्गुन-चैत्रातले हे आठवडे मी काही झालं तरी चुकवत नाही.

मुळात ते तेच कुरव राहिलेले नाहीत, नीट बघा. जानेवारीत डोकं पांढरं होतं आणि डोळ्यामागे फक्त एक काळपट ठिपका होता. आता टीपकागदावर शाई पसरावी तसा तो रंग पसरतोय. एकाचं कपाळ अजून पांढरं, शेजारच्याचं डोकं मानेपर्यंत पूर्ण भरलेलं. इथेच दोन जातीही वेगळ्या करायला शिका. तपकिरी डोक्याच्या प्रौढ कुरवाचा डोळा फिकट असतो आणि पंखाच्या काळ्या टोकात पांढरे ठिपके असतात. काळ्या डोक्याच्या कुरवाचा डोळा गडद असतो आणि उडताना पंखाची पुढची कड पांढरी चमकते. नावावर विसंबू नका, कारण जवळून पाहिलं तर त्याचंही डोकं चॉकलेटीच असतं. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाच्या वेळी गेलात तर दोन्ही जाती हाताच्या अंतरावर दिसतात, सरावाला उत्तम.

चिखल्यांचंही (प्लोव्हर पक्ष्यांचंही) तसंच. हिवाळ्यात वाळूत वाळू झालेला तो छोटा सँड प्लोव्हर मार्चअखेर छातीवर गेरूचा पट्टा घेऊन उभा असतो. राखी चिखल्याचं पोट काळं व्हायला लागतं. पहिला लडाख-तिबेटच्या पठाराकडे निघालाय, दुसरा थेट आर्क्टिकच्या टुंड्राकडे, आणि दोघेही सध्या तुमच्या पुळणीवर शेजारी-शेजारी किडे टिपतायत. हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी दुर्बीण खाली ठेवून नुसता बसून राहिलो होतो.

आता वेळेचं. घड्याळ बघून जाऊ नका, तिथी बघून जा. आपल्याकडचे जुने कोळी सांगतात तोच हिशेब: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, पक्षी खाडीभर पांगतात आणि दुर्बिणीत नुसते ठिपके दिसतात. भरती चढू लागली की पाणी त्यांना ढकलत वाळूच्या दांड्यावर एकत्र आणतं. म्हणून भरतीच्या दोन तास आधी जाऊन बसा. एकादशी-द्वादशीला भरती सकाळी सव्वाआठ-नऊच्या सुमारास असते. पुळण पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे तेव्हा सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि रंग स्वच्छ दिसतात. संध्याकाळी सगळ्यांच्या फक्त काळ्या आकृत्या दिसतात.

बसा म्हटलं ते मुद्दाम. सुरुवातीला मी जवळ जायच्या हौसेने एकाच सकाळी एक थवा तीनदा उठवला. पुढच्या प्रवासासाठी हे पक्षी आत्ता अंगात चरबी साठवत असतात. प्रत्येक उड्डाणात ती जळते आणि खायची वेळही जाते. त्यांनी माना वर केल्या की तिथेच थांबायचं. वाळूत गाडी घालणारे आणि कुत्र्यांना थव्यावर सोडणारे दिसले तर शांतपणे हेच समजावून सांगा. गावातली पोरं पटकन ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते वहीचं. थंडीत पहिला पक्षी आला की आपण आनंदाने तारीख लिहितो. शेवटचा पक्षी मात्र सांगून जात नाही. आज दिसला तो शेवटचा होता, हे पुढचे आठ दिवस रिकामे गेल्यावरच कळतं. म्हणून रोज मोजा, आणि ‘कुरव: शून्य’ हेही लिहा. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकत असाल तर दिसलेली प्रत्येक जात नोंदवून पूर्ण यादी द्या, म्हणजे नसलेल्याचीही नोंद होते. दहा वर्षांच्या शेवटच्या तारखा एका ओळीत मांडता आल्या तर आपल्या किनाऱ्याबद्दल कितीतरी कळेल, आणि ते काम फक्त रोज तिथे जाणारा माणूसच करू शकतो. कुणाच्या पायात रंगीत कडं दिसलं तर रंग आणि अक्षरं टिपून बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीला) कळवा.

जूनमध्येही एखादा फिकट चिखल्या मागे राहिलेला दिसेल. तो जखमी आहे असं समजून पकडायला धावू नका. पहिल्या वर्षाचे बरेच पक्षी उन्हाळा इथेच काढतात.

येत्या एकादशीला सकाळी साडेसहाला मी सुरूच्या बनाच्या खाडीकडच्या टोकाला असेन. दुर्बीण आणि वही घेऊन या.